लिफाफा घरी नेऊ नकोस

"लिफाफा घरी नेऊ नकोस," दोन्या ओडिलिया मला म्हणाल्या होत्या. "खिडकीवरच्या माणसाला सांग, इथूनच परस्पर पाठवा. हातात घेतलास की संपलं."

मी हसले होते. मे महिना होता. गणिताच्या इमारतीबाहेरच्या बाकावर आम्ही दोघी बसलो होतो आणि त्यांच्या डब्यातली लिंबू-तिखट लावलेली काकडी खात होतो. मी म्हटलं, "दोन्या, मी काय चार वर्षांची आहे? चार वर्षांची माझी मुलगी आहे."

"तुझी मुलगी नाही फोडायची. तिला वाचता येत नाही. हे दुखणं वाचता येणाऱ्यांचंच आहे."

त्या वयानं माझ्या आईएवढ्या, म्हणून मी त्यांना नुसतं नावानं कधी हाक मारली नाही, आमच्याकडे मोठ्या बाईच्या नावाआधी लावतात ते दोन्या लावूनच. त्या मला आरासेली म्हणत नसत, पोरी म्हणत. दिवसा पीचच्या पॅकिंग शेडमध्ये काम आणि संध्याकाळी कॉलेजात एक विषय, एका सत्रात एकच, अशी त्यांची अकरा वर्षं चालली होती. आमच्या कम्युनिटी कॉलेजातून दोन वर्षांत बाहेर पडता येतं असं माहितीपत्रकात छापलेलं असतं. त्या पत्रकावरच्या फोटोत कोणाच्या कडेवर मूल नसतं आणि कोणाच्या डोक्याला शेडमधली जाळी नसते.

लिफाफा म्हणजे गुणपत्रकाचा. इथून चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायचं असलं तर प्रवेश मिळून भागत नाही. सगळे विषय संपल्यावर कॉलेजचं शेवटचं गुणपत्रक सीलबंद लिफाफ्यातून तिथे पोचावं लागतं. पंधरा जुलै ही त्यावरच्या टपाल शिक्क्याची शेवटची तारीख. लिफाफ्याच्या तोंडावर अर्धा झाकणावर, अर्धा खाली असा जांभळा शिक्का मारतात. शिक्का मोडला की आतला कागद कितीही खरा असो, रद्दी.

दोन्या ओडिलियांचा एकदा मोडला होता. त्या मे महिन्याच्या सहा वर्षं आधी त्यांना पहिल्यांदा प्रवेश मिळाला तेव्हा त्यांनी लिफाफा घरी नेला, देवीच्या तसबिरीखाली ठेवला आणि चौथ्या दिवशी फोडला.

"पण का?" मी विचारलं होतं.

"इतके सगळे विषय एका कागदावर कसे दिसतात ते बघायचं होतं."

"मग कसे दिसले?"

"बारीक," त्या म्हणाल्या आणि काकडीचा शेवटचा तुकडा माझ्याकडे सरकवला.

विद्यापीठानं तो कागद परत पाठवला होता. नवा काढेपर्यंत तारीख उलटली आणि जागा गेली. त्यानंतर नियम बदलला, त्यांच्या शाखेला संख्याशास्त्र सक्तीचं झालं. गणिताला त्या शेडमधल्या फोर्कलिफ्टपेक्षा जास्त घाबरत. भीती जायला चार वर्षं लागली आणि नापास होण्यात दोन. तिसऱ्या वेळी माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या, माझ्या वहीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "तुझं अक्षर चांगलं आहे. तुझ्या शेजारी बसते."

खरं तर संख्याशास्त्र त्यांनीच मला शिकवलं. नमुना म्हणजे काय हे आमचे लिंडक्विस्ट सर फळ्यावर तीन तास समजावत होते. दोन्या ओडिलिया माझ्या कानाशी म्हणाल्या, "पेटीतून पाच पीच उचलायचे. पाचात एक मऊ निघाला तर पेटी बाजूला. दोन निघाले तर सगळा ट्रक. हेच सांगतोय ना हा?" हेच सांगत होते. सरांनी विचारलं, मागे काय चाललंय? त्या उभं राहून म्हणाल्या, "काही नाही सर, ट्रक परत पाठवतोय."

त्या वर्षी आम्हा दोघींना एकाच विद्यापीठात प्रवेश मिळाला. त्यांना शिक्षिका व्हायचं होतं, लहान मुलांची, आणि मलाही. घरापासून दीड तासाचा रस्ता. आमचं ठरलं होतं की मंगळवारी-गुरुवारी त्यांच्या गाडीनं जायचं, पेट्रोल निम्मं-निम्मं, नोएमीला तिथल्या पाळणाघरात सोडायचं. नोएमी म्हणजे माझी मुलगी. "मागच्या सीटवर तिची खुर्ची कायमची बांधून टाकू," त्या म्हणाल्या होत्या. नोएमीनं त्या सीटवर कोणता बाहुला बसेल हेही ठरवून ठेवलं होतं.

मग परीक्षेच्या दिवशी नोएमीला ताप भरला.

मी गॅस बंद आहे का हे तीनदा बघणारी बाई आहे. आजही. मूल झोपलं की छाती हलतेय ना ते बघते, मग खोलीबाहेर जाते, मग परत येऊन बघते. त्या सकाळी थर्मामीटरनं एकशे चार दाखवलं तेव्हा परीक्षा माझ्या डोक्यातून पार निघून गेली. दवाखान्यातून संध्याकाळी घरी आलो तेव्हा आठवलं. लिंडक्विस्ट सर चांगले होते. त्यांनी निकालात 'अपूर्ण' लिहिलं, जूनमध्ये माझी वेगळी परीक्षा घेतली आणि म्हणाले, "बदलाचा कागद मी ऑफिसला पाठवतो. काळजी करू नकोस." काळजी करू नकोस असं मला कोणी म्हटलं की मी तिथपासून काळजी सुरू करते.

प्रवेशाच्या पत्रात साफ लिहिलं होतं: कुठल्याही विषयात 'सी'च्या खाली चालणार नाही, 'अपूर्ण' चालणार नाही. एक मऊ पीच आणि पेटी बाजूला. कॉलेजच्या वेबसाइटवर जुलै उजाडला तरी माझ्या नावापुढे 'अपूर्ण'च दिसत होतं. ऑफिसात फोन केला तर म्हणाले, साइट मागे असते, कागदावर बरोबर येईल. येईल की आलंय? त्यांनी फोन ठेवला होता.

सोमवारी मी ऑफिसच्या खिडकीपाशी गेले. खिडकीमागे नेहमीचे प्रुइट होते, चष्मा कपाळावर, पंखा स्वतःच्या मानेकडे वळवलेला. त्यांनी गुलाबी अर्ज घेतला, छापलेला कागद घडी करून लिफाफ्यात घातला, झाकण चिकटवलं, शिक्का मारला. घडी इतकी चटकन केली की मला एकही ओळ दिसली नाही.

"इथूनच पाठवू?"

मला दोन्या ओडिलियांचं वाक्य आठवलं. अगदी शब्दन् शब्द आठवलं. पण आमच्या रस्त्यावर त्याच महिन्यात पत्रं चुकीच्या दारात पडत होती, आईची औषधं आठवडाभर शेजाऱ्याच्या पेटीत होती. मला वाटलं, माझ्या हातात असेल तर माझ्या डोळ्यांसमोर असेल.

"नको. हातात द्या."

"हाताची काळजी घ्या," प्रुइट म्हणाले. ते सगळ्यांनाच असं म्हणत असावेत.

लिफाफा मी फ्रिजवर ठेवला, नोएमीचा हात पोचणार नाही असा. सोमवार गेला, मंगळवार गेला. मी पोस्टात जाऊन आले, लिफाफा न नेता. बुधवारी तो उजेडासमोर धरून बघितला. जाड कागद. आत 'अपूर्ण' असेल तर? तर पाठवून उपयोग नाही. तर आधी सरांना गाठायला हवं, ऑफिसला गाठायला हवं, आणि उन्हाळ्यात आमचं कॉलेज शुक्रवारी बंद असतं. म्हणजे जे करायचं ते गुरुवारी चारच्या आत. हा हिशेब इतका बिनचूक होता की मला तो शहाणपणाच वाटला.

आई घरी झगे शिवते. मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाचे, जाळीचे, सात-सात थरांचे. तिची वाफेची इस्त्री माझ्या ओळखीची. गुरुवारी दुपारची जेवणं झाल्यावर आई मागच्या खोलीत माप घेत होती तेव्हा मी इस्त्री तापवली, लिफाफ्याचं तोंड वाफेवर धरलं आणि लोणी कापायच्या सुरीनं झाकण हळूहळू वर उचललं. सुटलं. मला इतका आनंद झाला, जणू परीक्षा तीच होती.

संख्याशास्त्र: बी.

'सी' नाही, बी. मी खुर्चीवर बसले. जीव भांड्यात पडला म्हणतात तसा पडला, आणि मग मी झाकण परत खाली बसवायला घेतलं तर जांभळा शिक्का नव्हता. शिक्क्याच्या जागी जांभळं तळं होतं, वाफेनं पसरलेलं, कडेला निळं. मी ते टिपून घेतलं तर आणखी पसरलं. अंगठा जांभळा झाला.

"फुलं काढतेस?" नोएमी स्टुलावर चढून बघत होती. मी काही बोलायच्या आत तिनं मदत म्हणून झाकणावर चांदीची एक चांदणी चिकटवली, बालवाडीत शाबासकीला देतात ती.

आई तोंडात टाचण्या धरून दारात आली. तिनं इस्त्री बघितली, लिफाफा बघितला, चांदणी बघितली. टाचण्या एकेक करून मनगटावरच्या उशीत खोचल्या. मग म्हणाली, "दोन वर्षं कॉलेजात हेच शिकवलं?"

"आई, आत्ता नको."

"नाही, मी विचारतेय. मला वाटलं पुस्तकं असतात."

"आई!"

"किती वाजेपर्यंत असतं ऑफिस?"

"चार."

"मग रडतेस काय, बूट घाल. आणि तिला घेऊन जा, मला इथे मुलीच्या आईशी कमरेवरून भांडायचंय."

बाहेर एकशे आठ अंश फॅरनहाइट होतं. गाडीचं स्टिअरिंग फडक्यानं धरून चालवावं लागलं. कॉलेजच्या दारात पोचले तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि नंबराच्या चिठ्ठ्यांच्या यंत्रावर कोणीतरी कागदी पिशवी उलटी घालून ठेवली होती. त्यावर लिहिलं होतं: आजचे नंबर संपले.

आत आठ-नऊ माणसं बसली होती. प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी. खिडकीवरच्या पाटीवर बावन्न. मी थेट खिडकीपाशी गेले.

"नंबर?" प्रुइट म्हणाले.

"नंबर संपलेत. पण माझं फक्त—"

"सगळ्यांचं फक्तच असतं. सोमवारी सकाळी आठला."

"सोमवारी सोळा तारीख आहे."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढून माझ्याकडे बघितलं, मग माझ्या जांभळ्या अंगठ्याकडे. त्यांना समजलं. ते निर्दय नव्हते. पण मागे रांगभर माणसं होती. "एका नंबरावर एक माणूस," ते हळू म्हणाले. "चारला यंत्रणा आपोआप बंद होते, माझ्या हातात नाही. कोणी नंबर दिला तर माझी ना नाही."

मी वळले. कोणाला कशी विचारणार? कोणाच्या मांडीवर फाइल, कोणाच्या खांद्यावर झोपलेलं बाळ. सगळे पाटीकडे बघत होते, माझ्याकडे नाही. नोएमी मात्र माझा हात सोडून सरळ चालू लागली, आणि ती ज्यांच्याकडे गेली त्या शेवटच्या बाकावरच्या बाईच्या डोक्याला अजून शेडमधली जाळी होती.

"अरे, माझी छोटी मालकीण," दोन्या ओडिलिया म्हणाल्या आणि ॲप्रनच्या खिशातून एक पीच काढून तिला दिला. मग त्यांनी माझा अंगठा बघितला.

त्या हसतील असं मला वाटलं होतं. मी तर त्यांना तसा हक्कच दिला होता. पण त्यांनी फक्त विचारलं, "कसा? वाफ?"

"इस्त्री."

"मी नुसता फाडला होता. तू शिकलेली." मग हळूच, "काय आलं?"

"बी."

"बी!" त्या इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की दोन-तीन माणसं वळली. "बघ, पोरी. ट्रक परत गेला नाही." आणि त्यांनी माझ्या हातात चिठ्ठी ठेवली. एकसष्ट.

"मग तुमचं?"

"माझं काय. मी पार्किंगच्या पासचं विचारायला आले होते. ते सोमवारी पण होईल."

"नक्की?"

"हंगाम आहे, दिवसभर उभी होते. इथे गार आहे म्हणून बसलेय. जा, पुढे जाऊन बस, त्या माणसाला ऐकू कमी येतं. छोटीला राहू दे माझ्याजवळ."

मी पुढे जाऊन बसले. पाटीवर चोपन्न. पंचावन्न नंबरच्या मुलाला आपला विद्यार्थी क्रमांक आठवेना, त्यात सहा मिनिटं गेली. अठ्ठावन्न नंबरची बाई आलीच नाही, देवाची कृपा. साठ नंबर खिडकीवर असताना भिंतीवरच्या घड्याळात तीन अठ्ठेचाळीस झाले होते. मागे नोएमी पीचची बी कुठे टाकायची विचारत होती आणि दोन्या ओडिलिया तिला सांगत होत्या की बी टाकायची नसते, लावायची असते, आणि पीच यायला तीन वर्षं लागतात, तेवढा दम धरता येईल का मालकीणबाईंना? नोएमी म्हणाली, चालेल.

"एकसष्ट."

प्रुइटनी नवा गुलाबी अर्ज पुढे केला. घाईत माझंच आडनाव मला दोनदा लिहावं लागलं. कागद छापून आला, घडी, झाकण, शिक्का. तीन छप्पन्न.

"हातात देऊ?" ते म्हणाले, चेहरा अगदी गंभीर ठेवून.

"इथूनच पाठवा."

त्यांनी लिफाफा मागच्या टोपलीत टाकला. पोस्टाची गाडी साडेचारला येते, ते म्हणाले, आजचाच शिक्का बसेल. मग त्यांनी खिडकीचं शटर खाली ओढायला घेतलं. ते जुनं शटर आहे, मध्ये अडकतं, त्यांना दोन्ही हात लावावे लागतात.

मी वळून शेवटच्या बाकाकडे आले. नोएमी दोन्या ओडिलियांच्या मांडीवर बसली होती, हनुवटीवरून पीचचा रस गळत होता, आणि तो पुसायला त्यांनी ॲप्रनच्या खिशातून रुमाल ओढला. रुमालाबरोबर एक कागद अर्धा वर आला. गुलाबी. चौघडी केलेला. गुणपत्रकाच्या मागणीचा तोच अर्ज, जो मी आत्ता भरून दिला होता. आणि त्यांचा भरलेला होता, निळ्या शाईत, त्यांच्या त्या शाळकरी गोल अक्षरात. पार्किंगच्या पासचा कागद पांढरा असतो.

त्यांनी तो परत आत खोचला. मी बघितलं हे त्यांनी बघितलं की नाही, मला माहीत नाही.

मी आयुष्यभर सगळं बघत आलेली बाई आहे. गॅसची मूठ, झोपलेल्या मुलीची छाती, रस्त्यावरची अनोळखी गाडी, सगळं. मी तो कागद बघितला, मग खिडकी बघितली. शटर अर्धंच उतरलं होतं. तिथे प्रुइट अजून उभे होते. मी "थांबा" एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. चारला अजून तीन मिनिटं होती. कदाचित जमलं नसतं, यंत्रणा बंद झाली असती, एका नंबरावर एकच माणूस. पण मी तोंड उघडलं नाही. मला भीती वाटली की ते माझा लिफाफा टोपलीतून परत काढतील. कशासाठी काढतील? काही कारण नव्हतं. भीतीला कारण लागत नाही. मी म्हटलं, "चला, नोएमी, आजी वाट बघतेय."

शटर खाली आलं.

"झालं ना?" दोन्या ओडिलिया म्हणाल्या. "आता जाऊन झोप. आणि इस्त्री पुसून ठेव, नाहीतर कोणाच्या तरी मुलीचा झगा जांभळा होईल."

गाडीपर्यंत त्या आमच्याबरोबर आल्या. नोएमीचा पट्टा त्यांनीच लावला.

त्यानंतरचं थोडकंच आहे. ऑगस्टमध्ये विद्यापीठात नव्या विद्यार्थ्यांचा दिवस होता. दारात एका लांब टेबलावर नावांची कार्डं मांडून ठेवली होती, वर्णानुक्रमे. माझं घेतलं. 'बारिएन्तोस, ओडिलिया' तिथेच होतं. मी दुपारी परत येऊन बघितलं, तेव्हाही होतं. संध्याकाळी टेबल आवरताना त्या मुलीनं उरलेली कार्डं रबर लावून डब्यात टाकली. मी ते एक मागून घेतलं. ती म्हणाली, "तुमची मैत्रीण आहे?" मी हो म्हटलं.

त्याच संध्याकाळी फोन केला. "या वर्षी नाही जमलं गं," त्या म्हणाल्या. "हंगाम लांबला. पुढच्या वर्षी." आवाज नेहमीचाच होता. मी विचारलं नाही. काय विचारणार होते? तुम्ही माझ्यासाठी दिलंत का? त्या नाही म्हणाल्या असत्या. आणि कधी कधी मला वेगळंच वाटतं. त्या जुलैच्या बारा तारखेपर्यंत का थांबल्या होत्या? ज्या बाईनं मला मे महिन्यात बजावलं, तिला सगळं माहीत होतं. शेवटच्या दिवशी, शेवटून पहिला नंबर घेऊन, सगळ्यात मागच्या बाकावर का बसल्या होत्या? अकरा वर्षं ज्या दाराकडे चालत आलो ते दार उघडं दिसलं की पाय जड होतात, हे मला त्या वर्षी दीड तासाच्या रस्त्यावर एकटीनं गाडी चालवताना कळलं. पहिले दोन आठवडे मी दर वेळी मधल्या पेट्रोलपंपावर थांबून परत फिरायचा विचार करायचे. मग मागून नोएमी विचारायची, "दोन्याची सीट कुठली?" तेव्हा मी पुढे निघायचे.

त्यांनी मला नंबर दिला की माझ्या हाती स्वतःचं न जाणं सोपवलं, हे मी ठरवू शकत नाही. दोन्ही खरं असेल. पण शटर अर्धं होतं, ते माझ्याकडे आहे.

याला आता पाच वर्षं झाली. मी शिकवते, पहिलीच्या वर्गाला. पीचच्या त्या खोऱ्यातून मी आणि नोएमी उत्तरेला राहायला आलो, आई तिथेच आहे. आईनं मागच्या अंगणात लावलेल्या त्या बीचं झाड आलं, ती फोनवर सांगते की फळं लहान आहेत आणि नोएमीनं येऊन बघावीत. गेल्या नाताळात आम्ही गेलो तेव्हा मी शेडवर जाऊन आले. दोन्या ओडिलिया तिथे नाहीत. पाठ गेली, काम सुटलं, बहिणीकडे विसालियाला गेल्या असं मुकादमीण म्हणाली. बहिणीचं तोर्तियाचं, म्हणजे पातळ पोळ्यांचं, दुकान आहे, रेल्वेच्या फाटकाजवळ, 'ला एस्पिगा' नावाचं, दारावर गव्हाच्या लोंबीचं चित्र. मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा बहीण म्हणाली, "आहे, बरी आहे, सांगते तिला." त्यांचा फोन आला नाही. विसालियाला जाऊनही मी दुकानावर गेले नाही. फाटकापर्यंत गेले होते.

मला वाटतं, मी समोर उभी राहिले तर त्यांना एकसष्ट नंबर दिसेल. किंवा मलाच दिसेल. म्हणून हे लिहितेय.

हा नोव्हेंबर आहे. पुढच्या वर्षीचे अर्ज तीस तारखेपर्यंत घेतात. त्यांचे सगळे विषय अजून जिथल्या तिथे आहेत, संख्याशास्त्रातला 'सी' धरून. झालेले विषय कुठे जात नाहीत, मी कॉलेजात विचारून घेतलंय. प्रुइट निवृत्त झाले, खिडकीवर आता एक तरुण मुलगी असते आणि लिफाफे बंद झाले, सगळं एका बटणावर जातं. फोडायला काही उरलं नाही. हे त्यांना कोणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला राहत असेल किंवा जाणार असेल, तर त्या दुकानात जा. डझनभर तोर्तिया घ्या, म्हणजे थांबायला निमित्त होईल. पन्नाशी ओलांडलेली बाई, हसताना डोळे आधी मिटतात, पोरी म्हणेल. मी पाठवलं असं म्हणायची गरज नाही. अर्ज भरला का, एवढं सहज विचारा. नसेल भरला तर बघा, पाठ कशी आहे, बरी दिसते का, कोणाशी बोलते का. सकाळी लवकर जा. दुपारी दुकानात बहीण एकटीच असते, आणि ती सगळ्यांना बरी आहे म्हणूनच सांगते.